कचेरीच्या वाटेवर ऐरावत

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांच्या उत्साहाविषयी ह्या पृष्ठांतून वेळोवेळी पुष्कळ चांगले लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. गणेशोत्सव, नाटके, ग्रंथालये, कोजागिरीची संमेलने, ह्यांपैकी कशातही आपण मागे नाही. परंतु स्तुती ऐकण्याची सवय जडली की स्वतःच्या दोषांकडे पाहणारी दृष्टी मंद होते. म्हणून आज आम्ही एका अशा विषयावर लिहीत आहोत, की जो काहींना क्षुद्र वाटेल, काहींना खाजगी वाटेल, आणि थोड्यांना त्याचा रागही येईल. दूरच्या प्रवासासाठी बांधलेली, दोनशे किलोंच्या आसपास वजनाची मोटारसायकल घ्यावयाची आणि तिच्यावर बसून रोज अडीच-तीन किलोमीटरांवरच्या कचेरीत जावयाचे, ही जी रीत आमच्या नोकरदार मंडळींत रूढ होत आहे, तीविरुद्ध हा लेख आहे. ही रीत यंत्राला अपायकारक आहे, शेजाऱ्याला उपद्रवी आहे, आणि जो ती पाळतो त्याला तो राहतो त्या गावापासून दूर ठेवणारी आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आम्ही राहतो ती समता कॉलोनी रायपूर शहराच्या मध्यभागापासून फार लांब नाही. शेजारी चौबे कॉलोनी, जेथे महाराष्ट्र मंडळ आहे. रेल्वे स्टेशन दोन-अडीच किलोमीटर, जयस्तंभ चौकही साधारण तितकाच. केंद्र सरकारच्या कचेऱ्या शहरभर विखुरलेल्या असल्या, तरी ह्या वस्तीतून निघणाऱ्या पुष्कळांना पाच किलोमीटरांच्या पलीकडे जावे लागत नाही. नवा रायपूरपर्यंत रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणारेही आहेत. त्यांच्याविषयी आमची काही तक्रार नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

सकाळी साडेनऊच्या आधीचा अर्धा तास ह्या वस्तीत पाहण्यासारखा असतो. फाटकाआडून एक अवजड यंत्र दोन्ही पाय टेकून, दम खात, मागे ओढून बाहेर काढले जाते. ते वळावे म्हणून शेजाऱ्याची स्कूटर आधी हलवावी लागते. मग ‘गरम होऊ दे’ म्हणून ते दोन-तीन मिनिटे जागच्या जागी धडधडत ठेवले जाते. त्याच्या मागच्या दोन्ही अंगांना लोखंडी चौकटी असतात. लडाखच्या वाटेवर त्यांत सामानाच्या पेट्या अडकवावयाच्या असतात, येथे उजव्या चौकटीला जेवणाचा डबा लोंबतो. समोर वारा अडवण्यासाठी काच असते, आणि वाऱ्याचा वेग म्हणावा तर ताशी वीस किलोमीटर. आठ-दहा मिनिटांनी ही स्वारी कचेरीच्या आवारात पोहोचते, आणि सायंकाळपर्यंत ऐरावत पत्र्याच्या छपराखाली उभा राहतो.

ह्या यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. उलट त्याच्याविषयी आम्हांला आदर आहे. बुलेट ही मूळची रेडिच ह्या इंग्लंडमधील गावची. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवर गस्त घालणाऱ्या आमच्या सैन्याला खडतर वाटांवर टिकणारे वाहन हवे होते, म्हणून ३५० सी.सी.ची बुलेट निवडली गेली. आणि १९५५ साली रेडिचची कंपनी व मद्रास मोटर्स ह्यांनी मिळून मद्रासेस एनफील्ड इंडिया स्थापन केली. महाराष्ट्रात तिला फटफटी म्हणत. तालुक्याच्या गावी ती फौजदाराकडे असे, दहा खेड्यांत फिरणाऱ्या डॉक्टराकडे असे, साखर कारखान्याच्या चेअरमनकडे असे. आणि त्या सर्वांना रोज चाळीस-पन्नास किलोमीटरांची धूळ तुडवावी लागे. पुढे २०१६ साली ह्याच घराण्यातील ‘हिमालयन’ निघाली. तिचे पुढचे चाक एकवीस इंची, टाकी पंधरा लिटरांची, एंजिन ४११ सी.सी.चे. २०२३ साली तिची जी नवी आवृत्ती आली, तिचे एंजिन ४५२ सी.सी.चे, शक्ती सुमारे चाळीस अश्वांची आणि टाकी सतरा लिटरांची. खारदुंग घाटाची उंची सुमारे साडेसतरा हजार फूट आहे. तेथे जाणाऱ्याने हे वाहन घ्यावे, आणि परत आल्यावर त्याचे प्रवासवर्णन आमच्याकडे जरूर पाठवावे. आमचा प्रश्न एवढाच आहे, की ज्याचा खारदुंग म्हणजे आमापाऱ्याचा चौक, त्याला सतरा लिटरांची टाकी कशासाठी?

आता थोडा हिशेब मांडू. हिशेब हा आमचा पेशाच आहे. कचेरी तीन किलोमीटरांवर धरली, तर जाऊन येऊन सहा. महिन्याचे बावीस दिवस धरले, तर १३२ किलोमीटर. साडेतीनशे सी.सी.च्या मोटारसायकलला लिटरमागे पस्तीस किलोमीटर पडतात असे धरले, तर महिन्याला चार लिटरांहूनही कमी पेट्रोल लागते. शंभर सी.सी.च्या साध्या गाडीला दोन लिटर पुरेल. म्हणजे फरक महिन्याला दोन लिटरांचा. पेट्रोलच्या नावाने गळा काढणाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच आम्हांला लंगडे वाटते, आणि त्याचा आधार आम्ही घेत नाही.

खरा हिशेब निराळा आहे. क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो, स्प्लेंडरचे ११२, सायकलचे वीसच्या आतबाहेर. पासष्ट किलोंच्या कारकुनाला तीन किलोमीटर नेण्यासाठी त्याच्या तिप्पट लोखंड रोज हलवावे लागते. किंमत दोन लाखांच्या घरात. मोठ्या भावंडांची तीन लाखांच्या पुढे. चौथ्या स्तरावरील कारकुनाचे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आरंभीचे मूळ वेतन २५,५०० रुपये. म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांचे मूळ वेतन ह्या यंत्राच्या पायी वाहावयाचे, आणि तेही बहुधा हप्त्याने. गंमत अशी, की आमच्या मायबाप सरकारला रायपूरची अंतरे चांगली ठाऊक आहेत. २०१७ साली वाहतूक भत्त्याचे जे दर ठरले, त्यांत ह्याच स्तरावरील नोकराला पुण्यात वा नागपुरात ३,६०० रुपये, आणि रायपुरात १,८०० रुपये, त्यावर महागाई भत्ता. सरकारने अर्ध्यावर आणलेले अंतर आम्ही मात्र दुपटीच्या वाहनाने कापतो!

परंतु पैसा ज्याचा त्याचा. यंत्राचे काय होते ते पाहू. एंजिन थंड असताना सुरू केले की त्यातील तेल दाट असते आणि पेट्रोल अधिक जाते. पेट्रोल जळताना त्यातील हायड्रोजनचे पाणी होते; एक लिटर पेट्रोलमागे सुमारे एक लिटर. एंजिन पुरते तापले म्हणजे हे पाणी वाफ होऊन निघून जाते. तापले नाही, तर त्यातील काही अंश सायलेन्सरच्या पोटात साठतो व आतून गंज धरतो, काही एंजिन ऑइलमध्ये उतरतो. न जळलेले थोडे पेट्रोलही त्याच वाटेने तेलात मिसळते, आणि तेल पातळ पडते. तेल पुरते तापावयास पंधरा-वीस मिनिटे तरी सलग चालावे लागते. आमची स्वारी आठव्या-दहाव्या मिनिटाला उतरते. धूर शुद्ध करणारी जी जाळी सायलेन्सरमध्ये बसवलेली असते, तीही पुरती तापल्याखेरीज कामाला लागत नाही. सेल्फ स्टार्टर बॅटरीतून जेवढे ओढतो, तेवढे एवढ्याशा फेरीत धड भरून निघत नाही. पुष्कळ कारखानदारांच्या पुस्तिकांत वारंवार केलेल्या आखूड फेऱ्या ‘कठीण वापर’ ह्या सदरात घातलेल्या असतात, आणि अशा गाडीचे तेल लवकर बदलावे असे सांगितलेले असते. घाटावर टिकलेले यंत्र गल्लीत झिजते ते असे.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. रायपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पंचेचाळीस अंशांचे वर्णन नको. वाऱ्याने थंड होणारे एंजिन वारा लागला तरच थंड होते. चौकातल्या दिव्यापाशी उभ्या असलेल्या गाडीला वारा कोठला? तेव्हा ती आपली उष्णता स्वाराच्या पोटऱ्यांना देते, आणि शेजारी सायकलवर उभ्या असलेल्या मजुरालाही. त्याने मात्र हप्ता भरलेला नसतो.

ह्यावर जी उत्तरे दिली जातात, त्यांपैकी एकच उत्तर विचार करण्याजोगे आहे. ‘आम्ही मध्यमवर्गीय; दोन वाहने ठेवणे आम्हांला परवडत नाही. सुट्टीत घरी जावयाचे तर मोठी गाडी हवी. मग तीच रोज वापरली तर बिघडले कोठे?’ हे म्हणणे प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा परामर्श नीट घेतला पाहिजे. रायपूरहून पुणे रस्त्याने सुमारे एक हजार किलोमीटर. जाऊन येऊन दोन हजार. कचेरीच्या फेऱ्यांचे वर्षाचे किलोमीटर सोळाशेच्या आत. म्हणजे पुण्याची एकच फेरी वर्षभराच्या कचेरीहून मोठी. पण किलोमीटर मोजून येथे भागत नाही. कचेरीसाठी एंजिन वर्षातून पाचशेहून अधिक वेळा थंड अवस्थेत सुरू होते. पुण्याच्या प्रवासात फार तर आठ-दहा वेळा. घरी जाण्याच्या त्या चार-सहा दिवसांसाठी जपावयाचे यंत्र बाकीच्या अडीचशे दिवसांत आपण हाताने जुने करतो. शिवाय त्या सुट्टीत किती जण खरोखर मोटारसायकलने जातात? मुले असतात, सामान असते, आईचे लोणच्याचे डबे परत आणावयाचे असतात. शेवटी तिकीट रेल्वेचेच निघते. रजा-प्रवास सवलतीचे नियम ज्यांनी वाचले आहेत त्यांना हेही ठाऊक आहे, की खाजगी वाहनाने केलेल्या प्रवासाचे पैसे सामान्यतः मिळत नाहीत. मग ऐरावत दिवाळीभर समता कॉलोनीत ताडपत्रीखाली झोपतो, आणि त्याचा मालक एस-फोर डब्यात.

दुसरे उत्तर हौसेचे. ‘आमचा पैसा, आमची हौस.’ हौसेचे आम्ही शत्रू नाही. परंतु हौस जेव्हा भिंतीबाहेर ऐकू येते, तेव्हा ती केवळ आपली राहत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. कारखान्यातून आलेला सायलेन्सर काढून ‘खरा ठोका’ ऐकवणारा सायलेन्सर बसवणारे जे वीर आहेत, त्यांच्याशी आम्हांला वाद घालावयाचा नाही. ते पोलिसांचे काम आहे. पण सरळमार्गी मालकानेही इतके स्वतःस विचारावे, की सकाळी ती दोन-तीन मिनिटांची धडधड कोणाच्या खिडकीखाली चालते? तेथे कोणी रात्रपाळी करून झोपलेले असते, कोणी आजारी असते. रायपूरच्या हवेची कथा तर जगजाहीर आहे. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने शहरांच्या हवेचे जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत सूक्ष्म धुळीच्या बाबतीत दिल्ली, पाटणा व ग्वाल्हेर ह्यांच्या मागोमाग रायपूरचे नाव होते. त्याचा दोष मोटारसायकलवर टाकणे अन्याय होईल. उरला-सिलतऱ्याच्या भट्ट्या त्याहून फार मोठ्या आहेत. पण ज्या घरात आधीच धूर आहे, त्या घरात हौसेखातर आणखी एक चूल पेटवू नये, एवढे तारतम्य आपणांस हवे.

तिसरे उत्तर कोणी उघडपणे देत नाही, पण खरे उत्तर तेच आहे: प्रतिष्ठा. परगावी आपल्याला कोणी ओळखत नाही; आपले घराणे, आपले शिक्षण, आपली बोली, ह्यांपैकी कशाचेही वजन येथे चालत नाही. मग वजन १९५ किलोंच्या रूपाने बाजारातून आणावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने ३५० सी.सी.च्या वरील मोटारसायकलींवर ४० टक्के कर बसवला आणि तेथपर्यंतच्यांवरचा २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. ३४९ सी.सी.चे एंजिन ह्या रेषेच्या अवघ्या एका सी.सी.ने अलीकडे आहे! त्यामुळे ऐरावत स्वस्त झाला आणि मागणारे वाढले. पण सरकारच्या लेखी जे चैनीच्या रेषेपर्यंत येऊन थांबते, ते कारकुनाच्या लेखी गरज कसे होते, हे कोड्यासारखे आहे. आमचे मित्र म्हणतील, हे कोल्ह्याचे द्राक्षपुराण आहे. म्हणोत बापडे. द्राक्षे गोड आहेत हे आम्ही वर कबूलच केले आहे. ती वरणात घालू नयेत, एवढेच आमचे म्हणणे.

आणि प्रतिष्ठेचाच प्रश्न असेल, तर जगाने प्रतिष्ठा कोणाला दिली तेही पाहावे. १९५८ साली जपानात होंडाने ‘सुपर कब’ नावाची चिमुकली गाडी काढली. एंजिन ४९ सी.सी.चे. शेवयांची थाळी एका हातात धरून पोऱ्याला दुसऱ्या हाताने चालवता यावी, अशी तिची रचना. २०१७ साली तिचे उत्पादन दहा कोटींवर गेले. एंजिनावर चालणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही वाहनाला ही संख्या गाठता आलेली नाही. आणि जपानपर्यंत तरी कशाला जावे? १९७२ साली कायनेटिकने लूना काढली ती आमच्याच महाराष्ट्रात. त्या पन्नास सी.सी.च्या गाडीने किती शिक्षिका शाळेत वेळेवर पोहोचल्या, किती कारकून दूध आणि दळण घेऊन घरी आले! तिची विजेवर चालणारी नवी आवृत्ती २०२४ साली बाजारात आली. कामाच्या मापाचे वाहन बनवण्याची अक्कल मराठी मुलखात होती आणि आहे. ती वापरण्याची लाज मात्र आमच्यात नवी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बदलीच्या गावी राहणाऱ्या नोकरदाराचे मन नेहमी अर्धे बांधलेल्या वळकटीसारखे असते. भिंतीत खिळा ठोकावयाचा नाही, झाड लावावयाचे नाही, शेजाऱ्याची भाषा शिकावयाची नाही. कारण ‘आज ना उद्या हुकूम येईल’. ह्या मनाला दूरच्या प्रवासाचे वाहन आवडते, ह्यात नवल नाही. ते दाराशी उभे असले की वाटते, आपण येथले नव्हेत; मनात आले की निघू. निघणे होत नाही. पाच वर्षे जातात, दहा जातात, मुलांच्या तोंडी छत्तीसगढी येते, आणि आपण मात्र शिरस्त्राणाच्या आतून ह्या गावाकडे पाहत असतो. त्या शिरस्त्राणाची काच खाली असली म्हणजे कोणी ‘जोहार’ म्हटलेलेही ऐकू येत नाही. शिरस्त्राण घालू नये असे आम्ही म्हणत नाही. ते घातलेच पाहिजे. ज्या अंतराला ते लागू नये, त्या अंतराला ते लागावे असे आयुष्य आपण मांडतो, ह्याचे आम्हांला वाईट वाटते.

ह्याच गावी मराठी माणसे निराळ्या रीतीने राहून गेली आहेत. तात्यापारा, बुढापारा ह्या वस्त्यांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. माधवराव सप्रे ह्यांचे शिक्षण रायपूरला झाले; त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक चालवले, दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले, आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. त्यांच्या दाराशी कोणते वाहन होते ह्याची चौकशी कोणी करीत नाही. ते ह्या मातीत उतरले होते, एवढे पुरे आहे. आणि पायी चालण्याची लाज आम्हांला वाटावी, हे तर आणखीच विचित्र. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. आमच्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे ते अंतर दर आषाढीस पायी जात. लांबच्या वाटेला त्यांनी पाय वापरले, आणि आम्ही अडीच किलोमीटरांना साडेतीनशे सी.सी.!

पायी वा सायकलने जाणाऱ्याला हे गाव निराळे दिसते. कोपऱ्यावरचा चांभार त्याला नावाने ओळखतो. कोणत्या गल्लीत पावसाळ्यात पाणी तुंबते ते त्याला कळते. कचेरीत अर्ज घेऊन आलेला म्हातारा त्याला काल रस्त्यात भेटलेला असतो, आणि त्या अर्जाकडे तो केवळ कागद म्हणून पाहू शकत नाही. सरकारी नोकराला ज्ञानाचा हा मार्ग फुकट उपलब्ध आहे. हप्ता भरून तो बंद करणे हे आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान होय.

काही प्रामाणिक अडचणी आहेत, त्या आम्ही नाकारीत नाही. मे महिन्यात भर दुपारी चालणे कोणालाही सांगू नये. ज्याचे गुडघे दुखतात त्याने हलकी स्कूटर घ्यावी. जुनी मिळाली तर अधिक चांगले. दोघे एकाच कचेरीत जात असतील तर त्यांनी एका गाडीवर जावे. आणि ज्याला डोंगर खरोखर हाक मारतो, त्याने त्या दहा दिवसांसाठी मोठे यंत्र भाड्याने घ्यावे. भाड्याने मोटारसायकल देण्याची केंद्र सरकारची रीतसर योजना १९९७ पासून आहे. ज्याच्याकडे ऐरावत आधीच आहे, त्याने तो विकावा असेही आम्ही म्हणत नाही. रविवारी पहाटे त्याला सिरपूरच्या वाटेवर न्यावे, नाहीतर धमतरीकडे गंगरेल धरणापर्यंत. त्याचे तेल तापू द्यावे, त्याला श्वास घेऊ द्यावा. तो त्याचसाठी जन्मला आहे. सोमवार ते शुक्रवार मात्र त्याला विश्रांती द्यावी.

बदलीचा हुकूम यावयाचा तेव्हा येईल. तोपर्यंत समता कॉलोनीपासून कचेरीपर्यंतचे हे अडीच-तीन किलोमीटर आपल्या वाट्याला आले आहेत. ते आपल्या पायांच्या मापाचे आहेत. फार तर सायकलच्या. त्या मापाने ते चालावेत, अशी आमची आपल्या बांधवांना आग्रहाची विनंती आहे.